रिकाम्या हाताची शपथ

नानाजीच्या कडब्याची गंजी माझ्या चिलमीनं पेटली. हे आधीच सांगून टाकतो. ज्या दिवशी सांगायला हवं होतं त्या दिवशी मी गप्प बसलो होतो, आणि तेवढी लपवाछपवी एका जन्माला पुरे झाली.

सन सत्तावनचा हिवाळा होता. आमचं वऱ्हाड मुंबई राज्यात जाऊन वर्ष झालं होतं. पण नेरपासून अडीच कोसांवरच्या आमच्या गावात राज्य कोणाचंही असो, चालायचं पाटलाचं. पाटील मी, पुंडलिकराव. तोंडाचा फटकळ, डोक्यानं गरम, आणि त्या वर्षी खोकल्यानं बेजार. माझी चिलीम चुलीत घालीन अशी तंबी तानाबाईनं, म्हणजे माझ्या बायकोनं, देऊन ठेवली होती. फौजदाराला न भिणारा मी तिला मात्र भीत असे. म्हणून संध्याकाळी पाय मोकळे करायच्या निमित्तानं निघायचं, नानाजीच्या खळ्यावर जाऊन गंजीच्या आडोशाला बसायचं आणि चार झुरके ओढून घरी यायचं, असं माझं चालू होतं.

त्या संध्याकाळीही तेच केलं. कोणाची तरी चाहूल लागली म्हणून चिलीम घाईघाईनं दगडावर झटकली आणि निघालो. वारा सुटला होता. घरी येऊन हातपाय धुतले, पाटावर बसलो, पहिला घास मोडला आणि खळ्याकडून बोंब उठली. घास हातातच राहिला. काय झालं असणार ते मला त्याच क्षणी कळलं होतं.

चार बैलजोड्यांचा वर्षाचा चारा तासाभरात राख झाला. सगळं गाव घागरी घेऊन धावलं, मीही धावलो, इतरांपेक्षा जास्तच धावलो. नानाजी माझा लहानपणापासूनचा सोबती. तो राखेजवळ मटकन बसला आणि कोणी लावली, कोणी लावली, एवढंच विचारत राहिला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सांगायला तोंड उघडलं आणि खोकला आला. खोकला थांबेपर्यंत कोणीतरी गुलाबसिंगाचं नाव घेतलं होतं.

गुलाबसिंग आमच्या शिवेवरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यातला. पंचवीस वर्षांचा गडी, बाप नाही, घरात फक्त आई, जमनाबाई. तीन दिवसांपूर्वी त्याची गुरं नानाजीच्या तुरीत शिरली होती. नानाजीनं ती कोंडवाड्यात घातली, आणि गुलाबसिंग भर रस्त्यात ओरडून म्हणाला होता की तुझी गंजीच पेटवायला पाहिजे. रागात माणूस काय वाट्टेल ते बोलतो. मी तर रोज बोलतो. पण मी पाटील होतो आणि तो तांड्यातला होता.

सकाळी पोरांनी त्याला धरून आणलं आणि चावडीसमोरच्या कडुनिंबाला बांधलं. मी बांधा म्हणालो नाही, आणि सोडा असंही म्हणालो नाही. ठाण्यावर वर्दी गेली होती. फौजदार दुपारपर्यंत येणार होता. आमच्याकडं रीत अशी, की त्याच्या आधी पंचांनी बसायचं. पंच म्हणाले आमचा कोणावर संशय नाही, तर फौजदार पंचनामा करून, जेवून परत जाई. पंचांनी नाव दिलं, तर त्या माणसाला घेऊन जाई. आणि त्या काळी तांड्याच्या माणसाला नेलं म्हणजे आधी मार आणि मग चौकशी, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. जमनाबाई निंबाखाली बसून मुलाचे पाय धरून होती.

पंचायत बसली की आमच्यात बेलभंडार उचलतात. देवीच्या ठाण्यावरून ताटलीत बेलाची पानं आणि भंडारा आणायचा, ज्याला बोलायचं त्यानं आधी चिमूटभर कपाळाला लावायचा, पान हातात धरायचं आणि मग बोलायचं. खोटं बोललेल्याचं देवी पाहून घेते. मुख्य पंच मी, म्हणून पहिली शपथ माझी. मी पान उचललं आणि म्हणालो, आग मी लावली नाही, आणि लावणारा मला माहीत नाही. मनात स्वतःला समजावत होतो की लावली कुठं, ती तर पडली. आणि देवीला आतल्या आत सांगत होतो की येत्या मंगळवारी खण-नारळ घेऊन येतो, एवढी वेळ निभावून ने. देवीचा यात काही दोष नाही. मी तिला माझ्यासारखीच समजलो होतो.

मग नानाजीनं शपथ घेऊन धमकीची गोष्ट सांगितली. आणखी तिघांनी सांगितली. सगळे खरंच बोलत होते. गुलाबसिंगानं बांधल्या हातांनीच पान घेतलं आणि म्हणाला, मी पिंजाऱ्याजवळ होतो. आरोपीची शपथ कोण मानतो? पण पिंजाऱ्याला बोलवावंच लागलं.

बुढन पिंजारी दर हिवाळ्यात दारव्ह्याकडून येई. कोंडवाड्याच्या पडवीत मुक्काम टाकी आणि महिनाभर गावच्या गाद्या-दुलया उसवून, कापूस पिंजून नव्या करून देई. पन्नाशीचा, किडकिडीत, दाढीत आणि भुवयांत कायम कापसाचे तंतू. गावात मुसलमानाचं घर एकही नाही, त्यामुळे त्याचं नमाज पढणं आम्हाला नवलाचं वाटे. त्याच्या पिंजणाचा आवाज थांबला की बायका म्हणत, बुढनभाईची देवाची वेळ झाली.

तो आला आणि सरळ बोलला. गुलाबसिंग दिवस बुडायच्या आधी त्याची फाटकी दुलई घेऊन आला होता. वारा सुटला, पिंजलेला कापूस उडायला लागला आणि नमाजाची वेळही झाली. तेव्हा बुढननं त्याला कापसावर कांबळं टाकून बसायला सांगितलं. नमाज संपला, दोघांनी मिळून कापूस भरला, आणि त्यानंतर आगीचा उजेड दिसला.

नानाजी म्हणाला, नमाजात तुझे डोळे जमिनीकडे असतात, तेवढ्यात हा जाऊन आला असेल. बुढन म्हणाला, हा उठला असता तर कापूस चावडीपर्यंत उडाला असता, एक पुंजका उडाला नाही. मला ते पटलं. पटलं म्हणजे काय, मला माहीतच होतं. इतरांनीही माना हलवल्या. गोष्ट तिथंच मिटायची. पण नानाजीनं ताटली पुढं सरकवली आणि म्हणाला, हेच पान उचलून सांग.

बुढननं हात मागं घेतला. मी हे उचलू शकत नाही, म्हणाला.

मग मीच म्हणालो की त्याचा धर्म वेगळा, देवीची शपथ त्याला कशी चालेल. यावर नानाजी उठला आणि घरी गेला. परत आला तो अनवाणी, डोक्यावर हिरव्या कापडात गुंडाळलेली पेटी घेऊन. तीत सवारीचा पंजा होता. आमच्या गावात मोहरमात सवारी बसते, आणि तिचा मान नानाजीच्या घरचा. त्याच्या आजाला मूल होत नव्हतं, ते सवारीच्या नवसानं झालं, तेव्हापासून तो चांदीचा पंजा त्यांच्या देवघरात. माझी आईसुद्धा त्याला ऊद घालायची. नानाजीनं कापड सोडलं, पंजा कपाळाला लावला आणि बुढनसमोर धरला. त्याच्या मनात खोट नव्हती. एवढ्या रागातही तो त्या माणसासाठी त्याचा देव घेऊन आला होता.

"हा तर तुयाच हाये," नानाजी म्हणाला. "आता याच्यावर हात ठेव अन् सांग."

बुढन त्या पंजाकडे बघत राहिला. त्याची मान हळूहळू हलायला लागली. मी त्याला आधी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

"नानाजी, तुमच्या बापजाद्यानं मानलं, मी नाव नाही ठेवत," तो म्हणाला. "पन मी याची कसम नाही खाऊ शकत. आमच्या किताबात तो एकच हाये. त्याले मायबाप नाही, लेकरू नाही, जोडीदार नाही, त्याच्यासारखं दुसरं काईच नाही. कसम खायची त त्याचीच. दुसऱ्या कशाची खाल्ली त मी दोन मानले."

चावडीवर कुजबुज सुरू झाली. स्वतःचा देवसुद्धा शिवत नाही म्हणजे नक्कीच खोटं बोलतोय, असं मागून कोणीतरी म्हणालं. खरं सांगतो, आमच्यापैकी एकालाही ते कळलं नव्हतं. पंजा मुसलमानाचा नसेल तर कोणाचा? नानाजीचा चेहरा अपमानानं काळा पडला. त्यानं पेटी बंद केली आणि शेवटचं सांगितलं. बुढनचा मुलगा त्याच्यासोबत आला होता, पडवीत कापूस वेचत बसला होता. त्याच्या डोक्यावर हात ठेवून बोल, म्हणाला. पोराला तर कोणी देव म्हणत नाही.

बुढन म्हणाला, पोरगं अल्लाचं आहे, मला फक्त सांभाळायला दिलं आहे, मी ते पणाला लावणार नाही.

आता गाव फिरलं. पोराच्या डोक्यावर हात ठेवायला नकार म्हणजे आमच्याकडं कबुलीच. कोणी म्हणालं, पिंजाऱ्यालाही बांधा, दोघं मिळालेले आहेत. रस्त्याकडं पाहायला गेलेला कोतवाल धावत आला आणि फौजदाराची सायकल नाल्यापलीकडे दिसते आहे म्हणाला. तेव्हा जमनाबाई मुलाचे पाय सोडून उठली आणि बुढनसमोर येऊन उभी राहिली.

"भाऊ, एका घडीचं काम हाये," ती म्हणाली. "हात लाव अन् काढून घे. तुया देव तुले माफ करन. माया पोराले ते लोकं नाही करत."

मला वाटलं, आता हा लावणार. मी असतो तर दहा वेळा लावला असता. अहो, मी लावलाच होता, आणि तोही खोट्यासाठी. इथं तर खरं बोलायचं होतं, एक पोर वाचवायचं होतं, आणि माणसानं नुसतं एक बोट पुढं करायचं होतं. बुढनच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. दाढीतला कापूस भिजला.

"माय, तुया पोरासाठी मले बांधा म्हना, मी बांधून घेतो. हे नाही होत माया हातानं."

जमनाबाईनं त्याला शिवी दिली. तिची चूक नव्हती. मग बुढन माझ्याकडे वळला आणि म्हणाला, मला तांब्याभर पाणी द्या, मी माझ्या रीतीनं कसम खातो, मानायची तर माना. कोतवालानं पाणी दिलं. त्यानं हात, तोंड, पाय धुतले, ओला हात डोक्यावरून फिरवला. पश्चिमेकडे तोंड करून उभा राहिला. हात दोन्ही बाजूंना नुसते लोंबत होते, पुढं काही ठेवलेलं नव्हतं. त्यानं अल्लाचं नाव घेतलं आणि तीच साक्ष पुन्हा सांगितली, शब्दाला शब्द. आवाज कापत होता, पण एकदाही अडला नाही.

"ही त वाऱ्याची शपथ झाली," नानाजी म्हणाला. "हातात काय होतं त्याच्या?"

पाच पंच. दोघं म्हणाले मानू नये. दोघं म्हणाले मानावी. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. फौजदाराच्या सायकलची घंटी वेशीत वाजली.

मला त्या पिंजाऱ्याचा भयंकर राग आला, हेही सांगतो. त्यानं बेलभंडार उचलला असता तर मी सुटलो असतो, गुलाबसिंग सुटला असता, नानाजीनं आग कशानं लागली कोण जाणे म्हणत कपाळाला हात लावला असता. आता त्यानं सगळा भार माझ्यावर आणून टाकला. मी शपथ मानली नाही तर पोर जाणार होतं. आणि मानली तर कशाच्या जोरावर, ते सांगावं लागणार होतं.

मी उभा राहिलो आणि ओरडलोच. म्हणालो, या माणसाला खोटं बोलायचं असतं तर त्यानं केव्हाच पंजा उचलला असता. जो खरं बोलायलासुद्धा हात लावत नाही, तो खोटं बोलायला देवाचं नाव घेईल काय? मी शपथ मानली. पंचांचा कोणावर संशय नाही. सोडा त्याला.

बोललो ते सगळं बरोबर होतं. गाव चाट पडलं. फौजदार आला तेव्हा दोर सुटला होता. त्यानं राख पाहिली, माझ्या घरी वरण-भात जेवला आणि गेला. चावडीवरून मी घरी निघालो, तेव्हा जमनाबाई मध्ये आली. सगळ्या चावडीदेखत तिनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं आणि किती वेळ उचललंच नाही. मी तिला ऊठ म्हणालो. नानाजी मात्र माझ्याकडे न बघता पेटी डोक्यावर घेऊन घरी गेला.

त्या संध्याकाळी मी पाय मोकळे करायला निघालो नाही म्हणून तानाबाईनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बुढन आमच्या ओसरीवर आला. आमची दुलई तयार झाली होती, ती द्यायला. ती ठेवून तो गेला नाही. उभा राहून म्हणाला, तीस वर्षं गावोगाव फिरतो आहे, पण अल्लाच्या नुसत्या नावावर भरवसा ठेवणारा दुसऱ्या धर्माचा माणूस काल पहिल्यांदा पाहिला. "जोवर जीव हाये तोवर नमाजात तुमच्यासाठी दुवा मागीन, पाटील."

शिव्या खाल्ल्या असत्या तर मी पचवल्या असत्या. हे पचेना. मी त्याला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. चिलीम, दगड, वारा, बेलाचं पान, मंगळवारचा खण-नारळ. भरवसा वगैरे काही नव्हता, तू खरं बोलतोस हे मला माहीत होतं, एवढंच. बोलून झाल्यावर मला केवढं हलकं वाटलं. म्हणालो, बुढनभाई, मला माफ कर.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. पण काल माझ्याबद्दल जे काही त्याच्या डोळ्यांत आलं होतं, ते गेलं होतं.

"मी कोन माफ करनारा?" तो म्हणाला. "खोटी शपथ तुमच्यात अन् तुमच्या देवात. तिथं मधात मी नाही, कोनीच नाही. पन मानसाचं जे घेतलं, पाटील, ते अल्लाई आपल्या मनानं माफ नाही करत, असं आमच्यात सांगतात. ते त्या मानसापासूनच आनावं लागते."

मी चिडलो. म्हणालो, तुला सांगितलं ते काय कमी झालं? तो म्हणाला, "मले सांगनं सोपं हाये. मी उद्या गाव सोडून जाईन." मग उठला आणि म्हणाला, चला, मी सोबत येतो, पण बोलणार नाही.

नानाजीचं घर जवळ होतं, तांडा लांब. माझे पाय नानाजीच्या घराकडे वळले, कारण नानाजी शिव्या देईल, फार तर थोबाडीत मारील, आणि कधीतरी पुन्हा बोलेल. चार पावलं गेलो आणि थांबलो. बांधलं कोणाला होतं, ते मला आठवलं. मग तांड्याच्या वाटेला लागलो. बुढन मागून येत होता, एक शब्द न बोलता.

गुलाबसिंग झोपडीसमोर बसून गुरांच्या दाव्याला पीळ देत होता. मनगटं सुजलेली होती, त्यामुळे पीळ नीट बसत नव्हता. तांड्याचा नाईक, देवसिंग, पाटील आला म्हणून बाज घेऊन धावला. आणखी माणसं जमली. जमनाबाई आतून आली, पदर सावरत, हसऱ्या तोंडानं. मी बाजेवर बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. चिलीम माझी, आग माझी, आणि काल पानही मी खोटं उचललं. यापुढं पंचात बसणार नाही. फौजदाराला कळवायचं तर देवसिंगनं कळवावं, मी येईन.

जमनाबाईचं हसू तोंडावर तसंच राहिलं, तिला ते आवरायला वेळ लागला. गुलाबसिंगानं दावं बाजूला ठेवलं.

"मी नाही लावली, हे मले माहीत व्हतं," तो म्हणाला. "कोनी लावली, त्याचं मले काई नाही. मले बांधलं, ते आता सुटलं. पन काल माया याडीनं तुमच्या पायावर डोस्कं ठेवलं. तेवढं तिचं वापस द्या."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. नाईक मध्ये पडायला लागला, पोर आहे, सोडा पाटील, म्हणाला. आमच्या घराण्यात तांड्यावर कोणी पाणी प्यालेलं नव्हतं. मी जमनाबाईकडे पाहिलं. खरं सांगतो, मनात एक आशा होती. आपल्याकडं वयानं मोठा माणूस वाकला की बाई पाय मागं घेते, नको नको म्हणते, आणि सगळ्यांचीच सुटका होते. तीही तसंच करील, असं मला वाटलं.

मी वाकलो. गुडघे टेकले, पगडी काढून बाजूला ठेवली आणि तिच्या धुळीनं भरलेल्या पायांवर कपाळ ठेवलं. वाट पाहिली. तिनं पाय मागं घेतले नाहीत. काल ती जेवढा वेळ माझ्या पायांवर होती, तेवढा वेळ तिनं मला तसंच राहू दिलं, आणि मग म्हणाली, आता जा.

मी उठलो. बुढन थोडा दूर, तोंड फिरवून उभा होता. आम्ही दोघं नानाजीच्या घराकडे निघालो.